आप्पा मास्तरांचा वाढपी

आप्पा मास्तर गुपित सांगायला लागले की आमच्या आळीतली कुत्री उठून बसायची. "हळू सांगतो हं, कुणाच्या कानावर जाता कामा नये," अशी सुरुवात व्हायची आणि ती विहिरीवर पाणी ओढणाऱ्या बायकांपर्यंत स्वच्छ पोचायची. त्यांना मात्र आपण कुजबुजतोय असंच वाटे. ज्याचे कान गेले त्याला स्वतःचा आवाज तरी कुठून ऐकू येणार?

मी लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा ते शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. चित्रकला शिकवायचे. त्यांच्या आणि आमच्या अंगणामध्ये कमरेइतका जांभ्या दगडाचा गडगा, एवढंच काय ते अंतर. पहिल्याच दिवशी गडग्यावरून त्यांनी मला विचारलं, "नाव काय गो तुझं?" मी तीनदा नाव सांगितलं. शेवटी सासूबाई ओरडल्या, "सावर्ड्याची आहे ती!" तेवढंच पोचलं. तेव्हापासून मी जी सावर्डेकरीण झाले ती कायमची.

माई म्हणजे त्यांची बायको. सडसडीत, कामसू आणि अबोल. नवऱ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून सांगण्यासारखं असतं तरी किती? "जेवायला चला." "दूध आलंय." "सदरा उलटा घातलात." त्यांच्याकडे आज कसली आमटी आहे हे आळीतल्या पोराटोरांना ठाऊक असे. एकदा मी माईंना म्हटलं, "तुमच्या घरातलं सगळंच आम्हाला ऐकू येतं हो, संकोच वाटतो." माई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ऐक गो. तू ऐकतेस त्यापलीकडे आम्ही दुसरं काही बोलतच नाही."

मुंबईला हवेतून गाणी सोडतात ही बातमी आमच्याकडे आगबोटीने आली. म्हणजे आमचे हे कचेरीच्या कामाला मुंबईला गेले होते, त्यांनी आणली. आप्पांना ती ओरडून सांगताना ह्यांचा घसा बसला. पण आप्पांच्या डोक्यात ते जे शिरलं ते शिरलंच. ती गाणी पकडायच्या यंत्राचं कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं चित्र त्यांनी मिळवलं आणि रेघ न् रेघ मोठ्या कागदावर उतरवून भिंतीला लावलं. विजेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या आळीत वीजसुद्धा नव्हती, कंदील होते. पण चित्रापुढे आप्पांना कसली भीती? चित्रात एक तार दुसरीवरून उडी मारून जाते तिथे अर्धगोल काढतात. आप्पांनी खरी तार कंपासने मापून तशीच अर्धगोल वाकवली. कुणी काही विचारलं की एकच उत्तर, "चित्रात आहे तसं केलं की झालं."

दोन माडांच्या शेंड्यांना तार बांधली. दुसरी तार जमिनीत पुरायची, तीही ओल्या जमिनीत. आमच्या कातळात ओल कुठली? म्हणून न्हाणीचं पाणी जातं त्या अळवात पुरली. त्या दिवसापासून यंत्राचा फोन, म्हणजे आवाज ऐकायची डबी, कानाला लावून बसलेले आप्पा आतून ओरडायचे, "अळवात पाणी सोड गो!" बिचारं अळू त्या साली पुरुषभर वाढलं.

एका संध्याकाळी आमच्या ह्यांनी तो फोन कानाला लावला. म्हणाले, "विहिरीच्या तळाशी कुणीतरी गुळण्या करतंय असं वाटतंय. पण सुरात करतंय." मुंबई लागली होती. मग आप्पा बसले. डोळे मिटून, मान डोलवत, बैठकीला बसल्यासारखे बराच वेळ बसले. फोन काढून खाली ठेवला आणि म्हणाले, "आवाज बारीक आहे." त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं हे आम्हा सगळ्यांना कळलं.

मग सुरू झाला अँप्लिफायर. बारीक आवाज मोठा करून कानातल्या फोनला देणारं यंत्र. आप्पांनी मला समजावून सांगितलं. "म्हणजे आपला वाढपी गो. मुंबईवाला चिमूटभर पाठवतो. हा पान भरून वाढतो." वाढप्याला लागायचा एक व्हॉल्व्ह, म्हणजे काचेचा लहानसा दिवा, आणि भरपूर बॅटऱ्या. बॅटऱ्या आप्पांनी घरीच केल्या. बरणीत नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची पट्टी आणि कोळशाची कांडी. अशा बरण्यांच्या रांगा लागल्या. माईंच्या संपल्या तेव्हा आमच्या नेल्या, मग पलीकडच्या घरातल्या. ऐन कैऱ्यांच्या दिवसांत आळीत एक बरणी उरली नाही. माई गडग्यापाशी येऊन म्हणाल्या, "यंदा लोणचं पातेल्यातच घाला. बरण्यांत आमच्याकडे वीज मुरतेय."

व्हॉल्व्ह मुंबईहून पेंढ्यात गुंडाळून आला. जोडायच्या दिवशी आप्पांनी नवा सदरा घातला होता. लहान बॅटरीची तार कुठे, मोठ्या रांगेची कुठे, हे चित्रात दोन रंगांत होतं. आप्पांनी चित्राकडे बघून तारा जोडल्या. दिवा लख्ख पेटला. इतका सुंदर पेटला की माईंचाही हात नमस्काराला कपाळाशी गेला. आणि विझला तो विझलाच.

आमच्या ह्यांनी मूळ मासिक उघडून ताडून पाहिलं. आप्पांच्या चित्रात तांबडी आणि निळी यांची अदलाबदल झाली होती, आणि मोठ्या रांगेची सगळी वीज त्या नाजूक दिव्यात गेली होती. आप्पा चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तिथे तांबडा जास्त उठून दिसत होता."

त्यानंतर ते गप्पच झाले. गुपितं सांगेनात, अळवात पाणी सोडायला सांगेनात. ओटीवर बसून नुसते माडाकडे बघत राहायचे. आळीला ती शांतता सहन होईना. पावसाळा तोंडावर आला होता. बोटी बंद व्हायच्या बेतात, आणि एकदा बंद झाल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईहून काडीही येणार नव्हती.

आमचे हे शेवटच्या बोटींपैकी एका बोटीने मुंबईला निघाले. सकाळी गडग्यापाशी माई उभ्या. हातात जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेला तो विझलेला दिवा. मला म्हणाल्या, "ह्याच्यासारखा हुबेहूब दुसरा मिळतो का बघायला सांग. आप्पांना बोलू नका. नाही मिळाला तर उगाच जिवाला लागेल." मग चिंधीची गाठ आवळत म्हणाल्या, "कसलं गाणं ऐकायचंय कोण जाणे. पण त्यात जीव रमला होता हो."

बोट परत आली त्या दिवशी समुद्र चांगलाच खवळला होता. बोटीतून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून बंदरावर उतरताना हे निम्मे भिजले, पण दिवा टोपीत धरून कोरडा आणला.

या खेपेला तारा आमच्या ह्यांनी तपासल्या. दुपारची वेळ होती. मी माईंना अंगणात वाळत घातलेली आमसुलं परतायला मदत करून नुकतीच ओटीवर टेकले होते. आतून आप्पांनी हाक मारली, "या गो दोघी."

दिवा पेटला होता, समईच्या वातीइतका, मंद. मी ओरडले, "आप्पा, आज संध्याकाळी मुंबई लागेल!"

"मुंबईत माझं कोण आहे?" आप्पा म्हणाले.

त्यांनी माडाकडून आलेली तार सोडवली आणि तिच्या जागी एक काळी वाटी जोडली. कचेरीच्या भंगारातल्या मोडक्या टेलिफोनचा तोंडापुढे धरायचा भाग होता तो. कधी आणला, कुणालाच ठाऊक नव्हतं. फोन स्वतःच्या कानाला लावून वाटी माईंच्या पुढे केली. "बोल."

माई सवयीने ओरडल्या, "काय बोलू?"

आप्पा जागच्या जागी दचकले. फोन कानावरून ओढून काढला, कान चोळले, पुन्हा लावला. "ओरडू नको. हळू बोल. अगदी हळू."

माई गोंधळल्या. माझ्याकडे बघितलं. मग वाटीशी वाकून म्हणाल्या, "काय बोलू?"

मी त्यांची शेजारीण, रोज ऐकत होते, पण आप्पांशी बोलतानाचा हा आवाज मला नवा होता. कोवळा, थोडा घोगरा.

आप्पा हलले नाहीत. "पुन्हा बोल."

"अहो, पण काय बोलू?"

"हेच. हेच बोल." मग ते म्हणाले, आणि वाटी समोरच असल्यामुळे त्यांना आपलाही आवाज ऐकू येत असावा, कारण ते खरोखरच हळू बोलले, "इतकी वर्षं मला तू रागावलेलीच ऐकू येत होतीस."

माईंनी पदराने वाटी पुसली. ती पुसण्यासारखी नव्हती. मग ती दोन्ही हातांत धरून त्या पाटावर बसल्या आणि बोलायला लागल्या.

मी उठून बाहेर आले. अंगणात आमसुलं वाळत पडली होती. ती आत्ताच परतून झाली होती. मी पुन्हा एकेक परतायला बसले.