माझा टॉवेल आणि सरगर सर

विश्रामबागेत सरगर सरांचा डबा कोणी उघडत नाही. मी एकदा उघडला. त्यांच्या नि आमच्या घरामधल्या भिंतीवर ठेवलेला पितळी डबा, बाहेरून थंडगार. मला वाटलं, गावाकडून खरवस आला असेल. आत बर्फाच्या चुऱ्यात मेंढ्याची दोन वृषणं निघाली. मी डबा रस्त्यावर भिरकावला आणि आमच्या उंब्रजकडं चिडल्यावर माणूस जे जे म्हणतो ते सगळं म्हणून घेतलं. सर शांतपणे रस्त्यावर गेले, माती झटकून ऐवज गोळा केला आणि म्हणाले, "ओरडणं नंतर करा तात्या. हे गरम व्हायच्या आत मला चिरू द्या."

सर कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायचे. एकटेच राहायचे. रोज सकाळी खाटकाच्या दुकानापुढं रांगेत उभे राहून नेमकी तीच वस्तू मोठ्यानं मागायचे, जी बाकीचे कानात सांगून घेतात. बोटांची टोकं कायम काळी. काचेवरचे नमुने रंगवायला चांदीचं कसलं तरी मीठ वापरत, ते कातडीला लागलं की आठवडाभर जात नसे. आणि तोंडात एकच वाक्य: "जोडी बघू नका, मधलं बघा." लग्नात अंतरपाट निघाला की सगळी माणसं नवरा-नवरीकडं बघत, सर अंतरपाट कुठं नेऊन ठेवतात ते बघत. आमच्याकडं झुणका-भाकरी दिली तर आधी वरची भाकरी उचलून आत निरखत. आमची ही म्हणायची, "आवं सर, झुणकाच हाय, इख न्हाई."

माझा धंदा जनावरांच्या दलालीचा. शाळा चौथीत सुटली, मग बाजारच माझी शाळा. आमच्यात भाव तोंडानं होत नाही. घेणारा नि देणारा एकमेकांचा हात धरतात, वरून दलाल टॉवेल टाकतो आणि बोटं दाबून बोलणं चालतं. सगळा बाजार बघत असतो, पण आत काय चाललंय ते त्या दोघांनाच ठाऊक. सौदा झाला की टॉवेल उचलायचा. माझा तांबड्या काठाचा टॉवेल मी पहिल्या दलालीतून घेतला होता. विश्रामबागेतलं घर त्या टॉवेलानं बांधलं असं मी मानतो. तो सरांनी नेला आणि आजतागायत परत केला नाही. माझी तक्रार एवढीच आहे. बाकीचं सांगतो ते ती तक्रार नीट कळावी म्हणून.

ही टॉवेलाची रीत मी सरांना सांगितली, तेव्हा ते खुर्चीतून उडालेच. दंडाला धरून मला प्रयोगशाळेत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. पिवळ्या उजेडात तपकिरी दोरे दिसले.

"ही गुणसूत्रं," सर म्हणाले. "काही आईकडून आलेली, काही बापाकडून. बीज तयार होताना प्रत्येक जण आपला जोडीदार शोधून काढतो नि त्याच्या शेजारी लागतो. मग दोघांच्या मधे प्रथिनांची शिडी बांधली जाते, पायऱ्या-पायऱ्यांची. ती दोघांना सरळ धरून ठेवते, तोवर दोघं आपापले तुकडे अदलाबदल करून घेतात. काम झालं की शिडी विरघळते."

"म्हंजी टॉवेल."

"म्हणजे टॉवेल!" सरांनी मला मिठीच मारली. पाठीवर दहा काळे डाग पडले. तो सदरा वाया गेला, पण त्याचं मी काही बोलत नाही.

"शिडीला दलाली काय मिळती?"

"काही नाही."

"मग बिनअकली हाय तुमची शिडी."

सरांनी काच जराशी सरकवली. "मेंढ्यात सत्तावीस जोड्या. सव्वीस डोक्यापासून पायापर्यंत जुळतात. ही सत्ताविसावी, नर-मादी ठरवणारी. ही दोघं कधीकाळी सारखी होती, आता फार वेगळी झालीत. नुसती टोकाला टेकतात."

"आन् बाकीचं अंग?"

"लांबच राहतं. पण तेवढं टोक टेकलं तरी पुढचं सुरळीत होतं. नाही टेकलं तर बीजच धरत नाही."

थोड्या दिवसांनी सर माझ्या ओसरीवर आले. "तात्या, एक मेंढा घेऊन द्या. आटपाडीच्या बाजारात येतोय. दोन हंगामात त्याच्याकडून एकही मेंढी गाभण गेली नाही. त्याच्यात टोक टेकत नसावं. मला बघायचंय."

"मेंढा कुणाचा?"

"माझ्या थोरल्या भावाचा."

"मग भावाकडं जावा की!"

सर पायरीवर बसले. हळूहळू कळलं ते असं, की बापानं अर्धी मेंढरं विकून धाकट्याला शिकवलं आणि थोरला बिरू उरलेली घेऊन रानोमाळ चालत राहिला. बाप वारला तेव्हा सर परीक्षेत अडकले आणि तिसऱ्या दिवशी पोचले. तेव्हापासून अकरा वर्षं भाऊ त्यांच्याशी बोलला नव्हता. आता त्यानं गावात सांगून ठेवलं होतं, कसायाला देईन पण मास्तरला न्हाई.

ठरलं असं, की सरांनी चहाच्या गाड्यामागं बसायचं आणि मी माझ्या नावानं मेंढा घ्यायचा. आटपाडीत बिरूसमोर मी बैठक मारली, त्याचा हात धरला, टॉवेल टाकला.

"कुणासाठी घेताय?"

"माझ्यासाठी. मेंढ्या हायत आमच्या."

"कुठं?"

"विश्रामबागेत."

"तिथं काय मेंढ्या कॉलेजात शिकत्यात व्हय?" बिरूनं हात काढून घेतला. "ज्याला पायजे त्यालाच हात घालू द्या. गाड्याखालनं पाय दिसत्यात त्याचं."

बाजारात मला कोणी असं पकडलं नव्हतं. मी तापून उठलो, तोवर सरच आले. खाली बसले, हात पुढं केला. बिरूनं धरला. मी टॉवेल टाकला.

बोटं दाबली की टॉवेल हलतो. बाहेरून बघून मी भाव ओळखतो, ही माझी ख्याती. तो टॉवेल हलेना. माणसं गोळा झाली. "झोपली का काय रं दोघं?" कोणीतरी म्हणालं. तरी हलेना.

शेवटी बिरू म्हणाला, "बोटं लय मऊ झाली रं तुझी."

"व्हय दादा," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून ही बोली मी पहिल्यांदा ऐकली. "काठी धरली न्हाई लय दिसांत."

"मेंढा कापणार?"

"न्हाई. डाक्टराकडनं एकच आंड काढून घेतो. मेंढा ऱ्हाईल माझ्याकडं."

"घिऊन जा. भाव न्हाई."

"भाव न्हाई म्हंजी?" मी ओरडलो. "मग मी दलाली कशावर घ्यायची?"

माझ्याकडं कोणी बघितलंही नाही. सरांनी मेंढ्याचं दावं धरलं आणि माझा टॉवेल स्वतःच्या खांद्यावर टाकून चालू लागले.

मेंढ्याचं निदान सरांनी सांगितलं होतं तेच निघालं. टोक टेकत नव्हतं. आता तो त्यांच्या परसात असतो आणि भिंतीवरून मान काढून आमचा मोगरा खातो. परवा माझा संयम सुटला. टॉवेल घेतल्याशिवाय परत यायचं नाही असं हिला सांगून मी तणतणत सरांच्या परसात शिरलो.

बिरू आला होता. जमिनीवर माझा टॉवेल अंथरलेला. या टोकाला एक भाऊ, त्या टोकाला दुसरा. एकाचं तोंड मेंढ्याकडं, दुसऱ्याचं रस्त्याकडं. बोलणं काही नाही. मधे भाकरी आणि चटणी, आणि तिथं तेवढे दोघांचे हात येत होते.

सरांनी वर बघितलं. "काय तात्या?"

"काही नाही. मेंढ्यानं मोगरा खाल्ला, तेवढं सांगायला आलो."

टॉवेल माझाच आहे. तांबडा काठ, एका कोपऱ्याला ठिगळ. मागायला मी पुन्हा जाणार आहे. बिरू यायचा बंद झाला की.