जमनामावशींचं कॉम्प्युटरशी भांडण

आमच्या डहाणूच्या वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. तिच्या बरोबर खाली बसून जमनामावशी कॉम्प्युटरवर ओरडायच्या.

“याला कोणी शिकवलं रे?” हे त्यांचं पालुपद. दोन हजार सोळा साली आमच्याकडे इंटरनेट आलं आणि मी, ग्रंथपाल, मोठ्या उत्साहाने ऑनलाइन शब्दकोश, ज्ञानकोश, शिकवणीचे व्हिडिओ लोकांना दाखवायला लागलो. पहिल्या विद्यार्थिनी मावशीच. साठी उलटलेली, सातवीपर्यंत शाळा, स्टेशनजवळ सुकी मासळी विकायची आणि टोपली बाहेर ठेवून थेट आत.

पहिल्याच दिवशी त्यांनी बोंबील शोधला. इंग्रजी नाव आलं ‘बॉम्बे डक’, त्याचं मराठी केलं तर निघालं बदक!

“बोंबलाला बदक म्हणतो मेला! मास्तर, लिहा त्याला. म्हणावं, एकदा डहाणूला ये, तुला मच्छी दाखवते.”

मी लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढचा आठवडाभर त्या बदकाचा राग माझ्यावर निघाला.

एका दुपारी मात्र वाचनालय अगदी चिडीचूप. मला वाटलं, मावशी आल्याच नाहीत. बघतो तर कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. पडद्यावर एक बाई हातांच्या खुणांनी बोलत होती आणि मावशी दात आवळून तिची नक्कल करत होत्या. जमेना, तसा टेबलावर हात आपटला.

“हळू कर ना गं, बये!”

मी व्हिडिओचा वेग कमी केला. “कोणासाठी, मावशी?”

“नातीसाठी. चार वर्षांची झाली, कानाने ऐकू येत नाय. डॉक्टर बोलला, हातांनी बोला. घरात कोण शिकेल तर शपथ! बोलतात, मोठी झाली की बघू. तवर काय भिंतीशी बोलेल ती?”

या वेळचा राग निराळा होता. मग मावशी आवाज उतरवून म्हणाल्या, “माझं तोंडच असं, मास्तर. ऐकणाऱ्याला आवाजातली माया कळते. तिला नुसतं तोंड दिसतं. मी जवळ गेले की आईमागे लपते.”

“मग काय शोधू?”

“‘मी रागावले नाय’ हे हातांनी कसं सांगायचं, ते.”

सापडलं. वाचनालय बंद होईपर्यंत मावशी कपाळाला आठ्या घालून तेवढंच घोकत बसल्या होत्या.