चारपैकी चार

डोळ्यांच्या दवाखान्यातलं ऑपरेशन थिएटर सकाळी नऊला सील झालं, तेव्हा डॉक्टर हात धुऊन, कोपरं वर करून आत शिरण्याच्या बेतात होते. टेबलावर त्यांच्या सासूबाई होत्या. त्यांना उतरवून बाहेरच्या बाकावर बसवलं.

"झालं पण?" सासूबाई म्हणाल्या. "दुखलं नाही हो मुळीच."

मुख्य कार्यालयातून आलेल्या तपासनीस मॅडमनी कागद पुढे धरला. "गेल्या महिन्यात एक्केचाळीस ऑपरेशनं. त्यातल्या चाळीस जखमा चौथ्या वर्गात. चौथा वर्ग म्हणजे काय, ठाऊक आहे ना?"

"पू झालेली, घाण जखम," डॉक्टर म्हणाले. "पण मोतीबिंदूची जखम पहिल्या वर्गात येते. एकदम स्वच्छ. हे लिहिलं कोणी?"

लिहिलं होतं बाईंनी. तीस वर्षं शाळेत शिकवून गेल्या महिन्यापासूनच त्या इथे नोंदी करायला लागल्या होत्या.

"मीच लिहिलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "रकाना होता, 'जखमेचा वर्ग, एक ते चार'. मी प्रत्येक ऑपरेशनचा कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. इतकं स्वच्छ काम. डॉक्टरांना मी चारच्या खाली येऊ दिलं नाही."



"मग या एकाच पेशंटला एक का?" मॅडमनी विचारलं.

"त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातली पिशवी पिकलेली होती. पू निघाला, असं डॉक्टरांनीच लिहिलंय. तिथे मात्र मन घट्ट करून एकच दिला."

मॅडमनी एक्केचाळीस कागद एकेक करून तपासले. त्यात अर्धा तास गेला.

"सगळं उलटं आहे," अखेर त्या म्हणाल्या, "पण चूक एकही नाही. चाराचा एक आणि एकाचा चार करा, सील काढते."

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. "बघा मॅडम, बाई येण्याआधी मी स्वतः वर्ग भरायचो. कधी तक्रार आली नाही."

"हो का? दाखवा बरं."

मॅडमनी त्याआधीच्या महिन्याचा गठ्ठा सोडला. अडतीस कागद, अडतीस वेळा 'एक'. त्यातले तीन त्यांनी बाजूला काढून डॉक्टरांपुढे ठेवले. तिन्हींवर डॉक्टरांच्याच अक्षरात 'पू निघाला' असं लिहिलेलं होतं.

"हे डोळे मिटून भरलेत का?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी वरचा कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. बाईंनी हळूच आपला चष्मा काढून त्यांच्यापुढे सरकवला.