सातवा सभासद

गांजा कायदेशीर झाला आणि डेटलेफ वीखमानचं आयुष्य अवघड होऊन बसलं. आधी बरं चाललं होतं. प्लंबिंगची कामं संपली की तो नदीकाठच्या झुडपात बसून ओढायचा आणि ब्रुन्स नावाचा पोलीस येऊन त्याचे खिसे तपासायचा. आता सरकार म्हणालं, मिळून पिकवायचा असेल तर रीतसर मंडळ काढा. मंडळ काढा म्हटलं की आम्हा जर्मनांना दुसरं काही सुचत नाही. डेटलेफला तर अध्यक्षच व्हायचं होतं. जन्मात कुणी त्याला कशाचाही अध्यक्ष केलं नव्हतं.

नोंदणीला सात सह्या लागत. सहा जण जमले, सातवा काही मिळेना. आज मंडळ झालं नाही तर ठरवलेलं हरितगृह कबुतरवाल्यांच्या मंडळाकडे जाणार होतं. शेवटी डेटलेफची बायको सिग्रिड एकाला हाताला धरून सभेत घेऊन आली. तो ब्रुन्स होता, आता निवृत्त.

"हा?" डेटलेफ म्हणाला.

"गुडघे दुखतात त्यांचे," सिग्रिड म्हणाली. "आणि सही करता येते. आणखी काय हवंय तुला?"

ब्रुन्सने चष्मा लावून नियमावली पहिल्यापासून वाचली आणि एका कलमावर बोट ठेवलं. "सर्व सभासद एकमेकांना 'तू' म्हणतील. हे जमायचं नाही. श्रीयुत वीखमान, इतकी वर्षं मी तुमची झडती घेतली, पण कधी एकेरीवर आलो नाही."

"मी आलो होतो एकदा," डेटलेफ म्हणाला. "तर दंड केलात. गांजाचं सोडून दिलंत आणि 'तू' म्हटल्याचा दंड!"

"गांजा थोडाच होता."

"मग काढून टाका की ते कलम," मागून कुणीतरी म्हणालं. पण कलम बदलायला मंडळाची सभा लागते, आणि मंडळ व्हायला सातवी सही. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

उपाय एकच होता, दोघांनी रीतसर अरे-तुरेवर यायचं. पण 'तू' देऊ करायचा मान थोरल्याचा, आणि डेटलेफ ब्रुन्सपेक्षा चार महिन्यांनी मोठा निघाला.

"वयाने असाल," ब्रुन्स म्हणाला. "हुद्द्याचं काय?"

"हुद्दा गेला ना तुमचा!"

"पेन्शन आहे."

सिग्रिड दाराकडे बघून म्हणाली, "डेटलेफ, कबुतरवाले आलेत."

अध्यक्षपदाचा प्रश्न होता. "साहेब," डेटलेफ म्हणाला, "तुम्हीच द्या."

ब्रुन्सने कोट सारखा केला, बिअरचा ग्लास उचलला आणि अरे-तुरेवर येण्याच्या रिवाजाप्रमाणे डेटलेफच्या हातात हात अडकवला. "मी हार्टमुट."

"मी डेटलेफ."

दोघे प्यायले. ब्रुन्सने सही ठोकली, मंडळ झालं, कबुतरवाले आल्या पावली परत गेले. डेटलेफला भरून आलं.

मग अध्यक्षाची निवड. नियमावली पूर्ण कुणी वाचली आहे, असं विचारल्यावर एकच हात वर झाला. हार्टमुट ब्रुन्स सहा विरुद्ध एक मतांनी निवडून आला. सिग्रिडने मत देताना नवऱ्याकडे पाहायचं टाळलं.

"आभारी आहे," नवे अध्यक्ष म्हणाले. "मंडळाच्या आवारात ओढायला कायद्याने बंदी आहे. डेटलेफ, इकडे ये. खिसे दाखव तुझे."

डेटलेफने सवयीने हात वर केले.

घरी जाताना गाडीत तो बाहेर काढलेले खिसे परत आत ढकलत बसला.

"एवढं काय मनाला लावून घेतोस?" सिग्रिड म्हणाली.

"काय मिळालं गं कायदा बदलून? माणूस तोच, झडती तीच. आधी निदान अहो-जाहो करत झडती घ्यायचा."