लक्ष्मीचे ठिपके

आमच्या घराण्याची एक खूण आहे, सांगून ठेवतो. पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, पिवळे ठिपके. आजोबांले होते, बाबांले होते, आणि चाळिशी लागल्याबरोबर मलेही आले. लक्ष्मीचे ठिपके म्हणतात त्याले आमच्या घरात. बूढापारा मोहल्ल्यात आमचं दुमजली घर काय उगाच उभं राहिलं?

दुसरी गोष्ट, ठिपकेवाला माणूस आमच्यात अंथरुणाले खिळून मरत नाही. आजोबा धोतर नेसता नेसता गेले. बाबा पत्ते पिसता पिसता गेले, पन्नाशीच्याही आत. कोणाले तसदी नाही! हे मी आल्यागेल्याले मोठ्या अभिमानानं सांगायचो. माझी बायको सुनीती तेवढ्या वेळेस उठून आत जायची. मले वाटायचं, दूध उतू जात असन.

तर परवाच्या उन्हाळ्यात आमच्या राधिकाले पाहायले मंडळी आली. मुलगा गौतम, हृदयाचा डॉक्टर, आणि सोबत त्याची आई सरलाबाई. राधिका पोहे घेऊन आली, पण पोट्टा तिच्याकडे पाहीच ना. सारखा माझ्याच तोंडाकडे पाहून राहिला होता.

"ठिपके पाहता का?" मी म्हटलं. "खानदानी आहेत." आणि सगळं सांगून टाकलं. आजोबांचं धोतर, बाबांचे पत्ते, सगळं.

गौतम उठला, माझ्यासमोर आला आणि सरळ पायाशी वाकला.

आता तुम्हीच सांगा, पाहायले आलेला मुलगा मुलीच्या बापाच्या पायाशी वाकतो म्हणजे काय? पसंती! मी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. "शतायुषी हो, बेटा." पण तो काही उठेना. माझ्या टाचेमागची शीर दोन बोटांत धरून दाबून राहिला होता. एवढी भक्ती मी देवळातही नव्हती पाहिली.

"सुनीती, पेढे काढ, ठरलं!" मी आवाज दिला आणि नागपूरच्या ताईले फोनही लावून टाकला. "ताई, जावई अजून पायाशीच आहे. सोडूनच नाही राहिला."

तेवढ्यात जावयानं पाय सोडले, राधिकाकडे वळला, म्हणे, "जरा खडे हो जाइए." आणि तिच्याही पायाशी वाकला.

"अरे गौतम!" सरलाबाईंच्या हातची प्लेट वाकडी झाली. "पोट्टीच्या पाया काहून पडून राहिला? लग्नाआधीच हे हाल?"

राधिका पाय वर घेऊन सोफ्यावर चढली. "पापा, ये क्या हो रहा है?" तिकडे फोनमधून ताई विचारून राहिली होती, कोण कोणाच्या पाया पडलं म्हणून.

"पाया नाही पडून राहिलो, आई. टाच पाहून राहिलो." गौतम गालिच्यावरच बसला. "काका, तुमची ही शीर, म्हणजे स्नायू हाडाले बांधणारी दोरी, जाड झाली आहे. तिच्यात कोलेस्टेरॉल साचलं आहे. पापणीवरही तेच आहे. ती लक्ष्मी नाही."

"हट्! मी हा असा काडीसारखा माणूस. भजं दिसलं तर रस्ता बदलतो."

"खाण्यानं नाही आलं. जन्मापासूनच आहे. आईबापाकडून लेकराले येते. तुमचे आजोबा आणि बाबा बहुतेक हार्ट अटॅकनं गेले, काका. तुमचं वय काय?"

"सत्तेचाळीस."

आशीर्वाद दिलेला हात मी हळूच खिशात घातला. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा भ्यालो. आणि स्वतःसाठी भ्यालो त्याहून जास्त भ्यालो ते समोर पाहून, कारण राधिका सोफ्यावर बसून आपली टाच चाचपून राहिली होती.

सुनीती पेढ्याचा डबा घेऊन दारात उभी होती. "बाबा गेले तेव्हा सासूबाईंचे केसही पिकले नव्हते," ती म्हणाली. "तुम्ही ते हसत हसत सांगता, मले ऐकवत नाही. उद्या सकाळी रक्त देऊन या. दोघंही." आणि डबा बंद केला.

माझा आकडा असा आला की लॅबवाल्यानं तपासणी पुन्हा केली. राधिकाचाही वाढलेला निघाला, फक्त ठिपके यायचे बाकी होते. आता दोघांलेही रोज गोळी, जन्मभर. लवकर सापडलं, गोळ्या घेतल्या तर काळजी नाही, असं गौतम म्हणाला. फोनवर सगळं ऐकलं होतं म्हणून ताईलेही सोडलं नाही, तिचंही रक्त घेतलं.

लग्न? जमलं ना. पोट्टा रिपोर्ट समजवायले आला, तो येतच राहिला. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. दोन्हीकडून हा आजार आला तर लेकराचे फार हाल होतात, हे गौतमनंच सांगितलं होतं. मग त्याच्या स्वतःच्या घराण्याचं काय? होणाऱ्या जावयाले विचारावं कसं?

मांडवात मी जावयाचे पाय धुवायले बसलो. तांब्या बाजूले ठेवला, त्याच्या टाचेमागची शीर दोन बोटांत धरली आणि चांगली दाबून पाहिली. सुतळीसारखी बारीक. दुसऱ्याही पायाची पाहिली.

"यजमान, पाणी," गुरुजी म्हणाले.

"किती भक्तीनं धुऊन राहिले हो," सरलाबाई कौतुकानं म्हणाल्या.

गौतम वाकला आणि माझ्या कानात म्हणाला, "बाबा, राहू द्या आता. राधिकानं माझा रिपोर्ट पत्रिकेच्या आधीच मागून घेतला होता."

मी गुपचूप पाणी टाकलं.