यानीरीसच्या केसांतले दाणे

"शनिवारी बघच तू! केसांना काय लावतेस म्हणून विचारायला बायका माझ्यापुढे रांग लावतील, रांग!"

यानीरीसने हे आईला सुनावलं, तेही आईच्याच दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. आता मोका गावात डोन्या नेरेइदाच्या, म्हणजे नेरेइदाबाईंच्या, मुलीने असं बोलायचं म्हणजे हलवायाच्या पोरीने साखर सोडण्यातलाच प्रकार! नेरेइदाबाई तीस वर्षं गावातल्या बायकांचे केस क्रीम लावून सरळ करून देत होत्या. यानीरीसच्या डोक्याला त्यांनी पहिल्यांदा क्रीम लावलं तेव्हा पोरगी सात वर्षांची होती. मग दर दोन महिन्यांनी मुळांना पुन्हा क्रीम, आणि दर शनिवारी रोलर लावून ड्रायरखाली तासभर. चौदा महिन्यांपूर्वी तिने हे सगळं बंद केलं, सरळ टोकं कात्रीने उडवली, आणि मग डोक्यावर जे उगवलं त्याचं करायचं काय, हेच तिला कळेना. एकतीस वर्षांच्या बाईला स्वतःचे केस विंचरता येऊ नयेत, सांगा!

"लोक मला विचारतात, नेरेइदा, तुझा हात बिघडला का गं? घरच्या पोरीचं डोकं असं कसं?" आईचा आवाज चढला होता, पण डोळे भरून आले होते. "ऐक. शनिवारी दुकान भरलेलं असतं. बायकांनी चांगलं म्हटलं, तर मी जन्मात क्रीमचं नाव काढणार नाही. नाही म्हटलं, तर मुकाट्याने खुर्चीत बसायचं. कबूल?"

"कबूल!"

जवस शिजवून त्याचं जेल करायचं आणि ते कुरळ्या केसांना लावायचं, हे यानीरीसला एका मैत्रिणीने शिकवलं होतं. दाणे उकळायचे आणि गरम असतानाच नायलॉनच्या लांब मोज्यातून गाळायचे. शनिवारी सकाळी यानीरीसने दाणे उकळले आणि ती निवांत मांगू, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, खायला बसली. खाऊन उठते तो पातेल्यात चिकट गोळा! मोजा आईचा होता, टाचेला विरलेला. तिने पिळला. काही येईना. अजून पिळला. देवाचं नाव घेऊन पिळला, तेव्हा फस्सकन सगळं वाडग्यात आलं. मोजा टाचेला टराटरा फाटला होता आणि जेलबरोबर दाणेही आले होते, पण बाईसाहेबांना ते दिसणार कसं? लाईट गेली होती. शनिवारी सकाळी ती जातेच. अंधाऱ्या न्हाणीघरात तिने चाचपडत बटबट जेल चोपडलं आणि वाळू दिलं. आरशात जे अंधुक दिसलं ते फारच झकास होतं.

दहाला लाईट आली, पण पुन्हा आरशात बघायची गरज कोणाला? अकराला यानीरीस मान ताठ करून दुकानात शिरली. तिघी ड्रायरखाली होत्या, एकीच्या डोक्यावर क्रीम फासलेलं होतं, आणि खुर्चीत गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून डोन्या ओतिलिया बसल्या होत्या.

"अगं बाई! किती गोड दिसतेस!" ओतिलियाबाई म्हणाल्या.

यानीरीसने आईकडे बघितलं. आईने तोंड फिरवलं.

"जवळ ये बघू." ओतिलियाबाईंनी चष्मा लावला. एक बट उचलली. मग दुसरी. "नेरेइदा, हिच्या डोक्यात उवा आहेत."

"काय?"

"उवा गं, उवा! केवढ्याल्या आहेत बघ!"

झालं! ड्रायरखालच्या तिघी रोलरसकट रस्त्यावर. क्रीमवाली त्यांच्याही पुढे. पण तिची टाळू चुरचुरायला लागली तशी ती उलट्या पावली आली, नळाखाली डोकं घातलं, आणि ओल्या केसांनी पुन्हा पळाली. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. नेरेइदाबाई पांढऱ्याफटक पडल्या. केस बिघडवते म्हटलेलं एक वेळ चालेल, पण उवांचं दुकान म्हटल्यावर कोण पाऊल ठेवणार?

त्यांनी लेकीच्या केसांतून एक दाणा उपटला, हुंगला आणि तशाच दारात गेल्या. "जवस आहे! जवस!"

"कसला जवस! हलतंय की ते!"

"माझा हात हलतोय, बये!" आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी तो दाणा तोंडात टाकला आणि कडाकडा चावला.

लगेच समोरून किंकाळी आली, "खाल्ली! नेरेइदाने ऊ खाल्ली!"

ओतिलियाबाई तेवढ्या आत होत्या, कारण त्यांचे गुडघे धरले होते. त्यांनी एक दाणा तळहातावर घेऊन निरखला आणि दाराकडे तोंड करून ओरडल्या, "जवसच आहे गं! मी रोज भिजवून पिते की, पोट साफ व्हायला!" तेव्हा कुठे बायका एकेक करून, नाकाला पदर नसला तरी हात लावून, आत आल्या.

"बस," आई म्हणाली. ओतिलियाबाईंना बाकावर हलवून यानीरीस खुर्चीत बसली. "ठरलं ते ठरलं. लाव क्रीम."

पण आधी दाणे काढायला हवे होते. नेरेइदाबाईंनी पाणी शिंपडलं, तेलाचा हात लावला आणि एकेक बट सोडवायला लागल्या. घाई करून चालेना. ओढलं की गुंता. दोन तास त्या बोटांनी केस उलगडत होत्या. पहिला अर्धा तास पुटपुटणं चाललं होतं. मग तेही थांबलं.

शेवटचा दाणा निघाल्यावर त्यांनी हातमोजे चढवले, क्रीमची बरणी उघडली आणि आरशात बघितलं. यानीरीसने डोळे मिटून घेतले. काहीच होईना, म्हणून उघडले. आई एक बट बोटाने ओढत होती आणि सोडत होती. बट पुन्हा गोल होऊन बसत होती.

"या अशा बटा कधी आल्या?"

"पहिल्यापासून आहेत, आई. तूच झाकल्यास."

नेरेइदाबाईंनी बरणीला झाकण लावलं. बरणी काठोकाठ भरलेली होती आणि दुकानातल्या सगळ्या बायकांना दिसत होती.

"क्रीम संपलंय," त्या म्हणाल्या.

यानीरीसला रडू येत होतं, ते कसंबसं आवरलं.

"संपलं कसं?" बाकावरून ओतिलियाबाई कडाडल्या. "सकाळपासून ताटकळतेय मी! माझ्या मुळांचं काय?"

"रोज जवस पिता ना?" नेरेइदाबाई हातमोजे काढत म्हणाल्या. "उद्यापासून डोक्याला लावा!"