झुंबरबाई काशीला गेल्या

झुंबरबाई वारल्या. मंगळवारी सकाळी, चहाला उकळी यायच्या आत वारल्या. वाचकांनी हे वाक्य वाचलं असेल तर कृपया विसरून जावं. कारण धाडजवळच्या उंबरटाकळीत त्या महिन्यात कोणीच वारलेलं नाही, आणि झुंबरबाईंचा मुलगा राजकुमार यानेच तसं जाहीर केलेलं आहे.

राजकुमार हा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. भानगडीला तिथूनच तोंड फुटलं. 'प्रसन्न गाव' नावाची एक योजना निघाली आणि तिच्यासाठी पुण्याहून अनुपमा मॅडम आल्या.

"आमचं मशीन माणसांची भाषा शिकलंय," मॅडम ग्रामपंचायतीत म्हणाल्या. "ग्रुपवर तुम्ही काय बोलता ते वाचतं आणि गाव किती आनंदी आहे ते सांगतं."

"आमी बोलतो ते त्याले समजते?" सरपंच रामरावांनी विचारलं. "आमचं आमालेच समजत नाई."

"सगळ्यात आनंदी गावाला, मागेल ते एक बांधकाम."

रामरावांनी जागच्या जागी स्मशानात शेड मागितलं. मॅडमनी 'स्मशान' हा शब्द दोनदा विचारून घेतला. आनंदी गाव शाळेच्या भिंतीवर फुलपाखरं मागेल, असा त्यांचा अंदाज होता.

पण शेडची मागणी खरी राजकुमारची होती. त्याच्या वडिलांना जाळलं त्या दिवशी धो धो पाऊस होता. सोयाबीन झाकायची ताडपत्री चौघांनी चार कोपऱ्यांना धरली, लाकडं ओली, डिझेल संपलेलं, आणि वडील दिवे लागेपर्यंत आपल्या जाण्याचा फेरविचार करत पडून राहिले. तेव्हापासून झुंबरबाई भाकरी थापताना, मालिका बघताना, नातेवाइकांची विचारपूस करताना मध्येच एवढंच सांगायच्या, "राजू, मले कोरडी जाळजो बापा."

योजना सुरू झाली. राजकुमारच्या मोबाईलवर रोज सकाळी मशीन एक चेहरा पाठवायचं. गाव खूश असलं तर हसरा, नसलं तर पडलेला. मध्यंतरी एकाची म्हैस मेली. त्याने ग्रुपवर फोटो टाकला, तर खाली रांगेने 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो', 'एक उमदं व्यक्तिमत्त्व हरपलं'. एकाने हात जोडले की अख्खं गाव फोटो न बघता हात जोडतं, अशी तिथली रीतच. दुसऱ्या दिवशी चेहरा असा पडला की त्याला उठवायला गावाने आठवडाभर एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. कोणाचा वाढदिवस आहे, हे कोणी विचारलं नाही.

अशात, निकाल सोमवारवर आलेला असताना, मंगळवारी सकाळी झुंबरबाईंनी ते केलं जे आपण विसरायचं ठरवलं आहे.

राजकुमारची बायको प्रेरणा हंबरडा फोडत होती. राजकुमारने डोळे पुसले आणि सवयीने मोबाईल उघडला. तेवढ्यात रामराव धावत आत आले.

"थांब बे! काय लिहून राह्यला?"

"माय गेली म्हून लिहितो. अजून काय लिहू?"

"एका म्हशीनं चेहरा पाडला. तुह्या मायनं त मशीनच रडन!"

"मंग ग्रुप बंद ठेवतो."

"बंद ग्रुप म्हंजे गाव दुःखी, असं धरते ते. मॅडमनं सांगतलं तवा तू झोपला होता काय?"

"मंग भाऊ, माही माय मेली हे मी सांगू कसं?"

"तोंडानं सांग ना! तोंड काय पुण्याले जोडलं हाय?"

राजकुमारने आईकडे पाहिलं. बाहेर आभाळ भरून आलं होतं. रामराव त्याच्या शेजारी टेकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "पाय राजू, तिले आता काही शेड भेटत नाई. पण शेडवर तिचं नाव टाकू. संगमरवरात. तिच्या नावाखाली सारं गाव कोरडं जळन."

राजकुमारला ते पटलं. दुःखात माणसाला काय पटेल याचा नेम नसतो.

आता प्रश्न गावाच्या बोटांचा होता. बातमी तोंडानं गेली तरी बोटं श्रद्धांजली टायपल्याशिवाय राहणार नव्हती. त्यांना दुसरं काही तरी टायपायला देणं भाग होतं. म्हणून राजकुमारने ग्रुपवर लिहिलं, 'कळवण्यास आनंद होतो की, आमच्या मातोश्री श्रीमती झुंबरबाई आज काशीयात्रेस निघत आहेत. घरून अकरा वाजता निघतील.' आणि रामरावांनी घरोघर फिरून खरं काय ते सांगितलं, वर दम दिला, "अकराले या. रडाचं तितं रडा, पण लिव्हाचं हसून!"

गावाने शब्द पाळला. तिरडी बांधता बांधता लोक एका हाताने 'शुभ प्रवास माय' लिहीत होते. पुण्या-सुरतेला कामाला गेलेल्या पोरांना तर खरं माहीतच नव्हतं. ती लिहीत होती, 'गंगाजल आनजो आजी', 'फोटो टाका'.

नदीकाठी पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला. तीच ताडपत्री आली, तेच चार कोपरे. राजकुमार पाणी देऊन चितेजवळ वाकला, तोच मोबाईल वाजला. नांदुऱ्याचे मामा. झुंबरबाईंचे सख्खे भाऊ आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक ग्रुपचे सभासद. प्रेरणा सकाळपासून त्यांना फोन लावत होती, पण ते उचलत नव्हते.

"राजा, कोन्त्या डब्यात हाय रे माही बहीण? मी टेशनावर उभा हावो. दशम्या आनल्या तिच्यासाठी."

"मामा," राजकुमार म्हणाला. "माय मेली."

पलीकडून एक मालगाडी धडधडत गेली.

"मंग काशीले कोन जाऊन राह्यलं?"

मामांनी फोन ठेवला आणि ग्रुपवर 'मामा टायपिंग' असं दिसू लागलं.

"काढ त्याले!" रामराव ताडपत्रीखालून ओरडले. "काढ लवकर!"

राजकुमारने उजव्या हाताने आईला अग्नी दिला आणि डाव्या हाताने मामांना ग्रुपमधून काढलं. अग्नी तीनदा द्यावा लागला. मामा पहिल्याच झटक्यात गेले, ते दहाव्यालाही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा आला. इतका हसरा चेहरा मशीनने आजवर पाठवला नव्हता. राजकुमार त्याच्याकडे बराच वेळ बघत बसला.

शुक्रवारी गावातल्या म्हाताऱ्या महादेवरावांनी अंथरूण धरलं. रामराव सफरचंद घेऊन भेटायला गेले.

"काकाजी, सोमवारपावतो दम धरा."

"काऊन? मी काय पंचायतीचा नोकर हावो?" महादेवराव म्हणाले, आणि शनिवारी रामेश्वरला गेले. शुभेच्छांचा पाऊस पडला. खरा पाऊसही पडला.

सोमवारी मॅडमचा फोन आला. उंबरटाकळी पहिली! राजकुमार आठवड्यात पहिल्यांदा हसला. रामरावांनी फोन स्पीकरवर घेतला.

"फक्त एक आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमची मागणी मशीनने ग्रुपवरून पडताळली. तुमच्याकडे मरणाचं काही बोलणंच नाही. शेवटची नोंद एका म्हशीची आहे. त्यामुळे स्मशानशेडची गरज दिसत नाही."

"मंग?"

"पण वयस्कर माणसं खूप प्रवास करतात. काशी काय, रामेश्वर काय! म्हणून प्रवासी निवारा मंजूर झालाय. पत्र्याचा, पक्का, पाऊस अजिबात आत येणार नाही असा."

"आमच्या गावात एश्टी येत नाई, मॅडम."

"निवारा झाल्यावर येईल ना!"

राजकुमारने हात पुढे करून फोन घेतला. "मॅडम, त्यावर माह्या मायचं नाव टाकता येईन का? झुंबरबाई."

कळफलक वाजल्याचा आवाज आला. "सॉरी, जिवंत व्यक्तीचं नाव देता येत नाही. आणि त्या तर काशीहून अजून परत आल्याचंही दिसत नाहीय."

निवारा फाट्यावर उभा राहिला. भर पावसात त्याच्याखालची जमीन कोरडी ठणठणीत असते. राजकुमार एकदा तिथे जाऊन बसला, आणि घरी येऊन त्याने अर्ज लिहिला:

'प्रति, मा. अधिकारी, प्रसन्न गाव योजना. विषय: निवारा व आई यांच्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर प्रवासी निवारा नदीकाठच्या स्मशानभूमीत हलवण्यात यावा. ते नियमात बसत नसल्यास, गावातील मयतांना प्रवासी समजून बस येईपर्यंत त्याच ठिकाणी दहन करण्याची परवानगी मिळावी. तसेच अर्जदाराची आई झुंबरबाई हिला त्या मंगळवारपासून, पूर्वलक्षी प्रभावाने, मेलेली धरण्यात यावे, म्हणजे अर्जदारास ग्रुपवर रडता येईल. कळावे.'